नासका नारळ आणि जुनी गाडी

गेल्या त्रैमासिक बैठकीत चहाच्या वेळी निघालेला विषय तिथेच संपला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. आपल्याच परिसरातून बाहेर पडलेला एक तरुण युरोपातील एका बंदरावर नोकरीस आहे. तिकडे वापरून झालेल्या मोटारी, टेंपो, मालट्रक जहाजात चढवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचते करायचे, हे तो जिथे आहे त्या पेढीचे काम. त्याच्या उत्कर्षाचे सर्वांनी कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु कौतुकाच्या ओघात एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "यात वाईट काय? श्रीमंताला नकोशी झालेली वस्तू गरिबाला मिळते. दोघांचे भले, मधल्याचेही भले. आपल्या वाडवडिलांनी तरी दुसरे काय केले?" साऱ्यांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी बोललो नाही. सभेत गप्प बसून मागाहून लिहिणे ही आमच्या पिढीची खोड आहे. ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

माझा आक्षेप त्या तरुणावर नाही. पोटासाठी घाट उतरून समुद्राकडे जाणे आपल्या घराण्यांना नवे नाही. माझा आक्षेप त्या शेवटच्या वाक्यावर आहे. आपल्या वाडवडिलांनी हे केलेले नाही, आणि जे केले नाही ते त्यांच्या नावावर खपवून आजच्या एका वाईट व्यवहाराला कुळाचार ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नंदगड म्हटले की बाहेरच्या माणसाला संगोळी रायण्णाचे हौतात्म्य आठवते. नंदगडची पेठ आता कोणाला आठवत नाही. मुंबई सरकारने १८८४ साली छापलेल्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटिअरात मात्र या गावाची नोंद आहे ती व्यापाराचे मोठे ठिकाण म्हणून. गोव्याकडून सुपारी, नारळ, खोबरेल, खजूर आणि मीठ येथे येई. गहू आणि इतर धान्य येथून खाली जाई. पुढे त्याच दशकात मुरगाव बंदरापासून दूधसागरावरून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग आला, तो लोंढा-खानापूरवरून बेळगावास गेला, आणि रुळांपासून बाजूला राहिलेल्या नंदगडचा व्यापार ओसरत गेला. तात्पर्य, समुद्रमार्गे येणारा माल आणि त्याच्या वाटा बदलल्या की काय होते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपण त्यातूनच आलो आहोत.

या पेठेतला एक रिवाज आमच्या लहानपणापर्यंत टिकून होता. घरी नेऊन फोडलेला नारळ नासका निघाला, तर तो करवंटीसकट दुकानात परत न्यावा. दुकानदाराने हुज्जत न घालता दुसरा द्यावा. नारळ आतून कसा आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला तर नाहीच. पण विकणारा त्यातून नफा कमावतो, म्हणून खोटही त्यानेच सोसायची. एवढा साधा न्याय त्यामागे होता. हा न्याय कोणी लिहून ठेवला नव्हता. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच गावचे, एकाच जत्रेचे. तोंड चुकवून जायला जागा नव्हती, हेच त्या न्यायाचे कागदपत्र.

आता जुन्या गाड्यांच्या व्यापाराकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ऑक्टोबर २०२० मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत युरोपीय संघ, जपान आणि अमेरिका यांनी मिळून सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या परदेशी पाठवल्या. त्यांतील जवळजवळ ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. एकट्या आफ्रिकेच्या वाट्याला सुमारे ४० टक्के आल्या. ज्या १४६ देशांचे नियम अभ्यासले गेले, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश देशांचे नियम दुबळे किंवा अगदीच दुबळे आढळले.

ही वाहतूक कशी चालते? अँटवर्प, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हॅम्बुर्ग अशा बंदरांतून मोठाली रो-रो जहाजे निघतात. रो-रो हा शब्द आपल्याला अपरिचित नाही. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा अशी मालट्रक थेट वाघिणीवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली, तेव्हापासून तो आपल्या बोलण्यात आहे. चाकांवर चढायचे, चाकांवर उतरायचे. जहाजाच्या पोटात मजल्यावर मजले असतात आणि प्रत्येक मजल्यावर गाड्या खेटून उभ्या करून साखळदंडांनी जखडतात. पण येथे गाडी हा नुसता माल नसतो, ती मालाची पेटीही असते. जुन्या टेंपोच्या पोटात जुनी शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच, टायर, गाद्या कोंबल्या जातात. नायजेरियातील लागोसच्या बंदरांवर २०१५ आणि २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत वर्षाला सुमारे ६०,००० टन वापरलेली विजेची उपकरणे येत असल्याचे दिसले, आणि त्यांचा मोठा भाग असाच गाड्यांच्या पोटातून आलेला होता. त्यांतील कितीतरी उपकरणे चालतच नव्हती. म्हणजे नारळ तर नासका, आणि त्याच्या आत आणखी एक नासका नारळ.

गाड्यांची अवस्था काय असते, हे तिकडच्यांनीच तपासले आहे. नेदरलँड्सच्या सरकारी तपासनीसांनी आपल्या बंदरांतून आफ्रिकेकडे निघालेल्या गाड्यांची नमुना पाहणी केली. बहुसंख्य गाड्या १६ ते २० वर्षे वयाच्या निघाल्या. निर्यातीच्या वेळी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा वैध दाखला बहुतेकींजवळ नव्हता. काहींच्या धुराड्यातील धूर शुद्ध करणारा भाग काढून घेतलेला होता, कारण त्यात प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात. म्हणजे गाईचे दूध काढून घ्यायचे, शिंगांवरचे पितळ काढून घ्यायचे, आणि मग ती भाकड गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधायची. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपल्याकडे म्हणतात. पण ही गाय धर्माची नाही. लागोसचा टॅक्सीवाला तिच्यासाठी रोख रक्कम मोजतो, बहुधा कर्ज काढून मोजतो. त्याला दात मोजण्याचा पूर्ण अधिकार आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. जुनी वस्तू घेणे हे कमीपणाचे आहे, असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरात थोरल्याचा सदरा धाकट्याने वापरला नाही, असे घर आपल्यात सापडणार नाही. आपल्या देशाची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' ही जुनीच होती. ब्रिटिशांनी 'हर्क्युलिस' या नावाने १९४५ साली पाण्यात सोडलेली आणि महायुद्ध संपल्यावर अर्धवट पडून राहिलेली ती नौका भारताने १९५७ साली विकत घेतली. पण ती आहे त्या स्थितीत आपल्या गळ्यात मारली गेली नाही. बेलफास्टच्या गोदीत तिचे काम पुरे झाले, तिच्यावर नवी यंत्रणा चढवली गेली आणि १९६१ साली ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिने काय केले ते सर्वज्ञात आहे. १९९७ साली ती निवृत्त झाली आणि २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात तिची मोडतोड सुरू झाली. तिचे पोलाद वितळवून बजाज कंपनीने २०१६ साली एक मोटरसायकल बाजारात आणली. जुन्या वस्तूचा प्रवास प्रतिष्ठेने कसा होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही. घेणाऱ्याला काय घेतो आहोत ते माहीत होते, देणाऱ्याने ती धड करून दिली, आणि शेवट कुठे नि कसा करायचा हेही ठरवणारे आपणच होतो.

जुन्या गाड्यांच्या व्यापारात या तिन्ही गोष्टी नसतात. म्हणून तो व्यापार जुन्या वस्तूंचा आहे एवढ्यावरून निर्दोष ठरत नाही.

आता युरोपाच्या घरातला कायदा पाहा. युरोपीय संघाने २००० साली मोडीत निघणाऱ्या गाड्यांविषयी एक निर्देश काढला. गाडीचे आयुष्य संपले की ती अधिकृत ठिकाणीच सुटी करावी, तेल, शिसे, आम्ल, वायू वेगळे काढावेत, आणि २०१५ पासून वजनाच्या ९५ टक्के भागाचा पुन्हा उपयोग व्हावा, असे त्यात ठरले. शेवटच्या मालकाकडून यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. भार उत्पादकाने उचलायचा. उत्तम कायदा आहे. पण त्याच युरोपीय आयोगाचा हिशेब असा, की दरवर्षी सुमारे ३५ लाख गाड्या नोंदीतून नाहीशा होतात. त्या मोडल्याची नोंद नाही, निर्यात केल्याचीही नाही. जुलै २०२३ मध्ये आयोगाने जो नव्या कायद्याचा मसुदा मांडला, त्यात चालवण्यायोग्य नसलेल्या गाडीची निर्यात रोखण्याचे कलम घालावे लागले, यातच सारे आले. वीस वर्षांहून अधिक काळ दार उघडे होते, आणि ते उघडे असल्याचे सर्वांना ठाऊक होते.

हे दार उघडे राहते ते एका शब्दाच्या आधाराने. विषारी कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर १९८९ च्या बाझल कराराने बंधने घातली; तो १९९२ पासून अमलात आहे. कचरा पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते. पण तीच मोडकी गाडी 'कचरा' न म्हणता 'वापरलेले वाहन' म्हटली, की ती कराराच्या जाळ्यातून सुटते. हॅम्बुर्गच्या अंगणात जी वस्तू घाण असते, ती जहाजाच्या फळीवर चढता चढता माल होते. सोवळ्या-ओवळ्याचे असले चमत्कार आपण आजवर आपल्याच समाजाचे वैशिष्ट्य समजत होतो.

या व्यापाराच्या बाजूने तीन युक्तिवाद नेहमी केले जातात. पहिला असा, की दगडापेक्षा वीट मऊ: गाडी मुळीच नसण्यापेक्षा जुनी असलेली बरी. यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. नायजेरियात अशा गाड्यांना 'टोकुन्बो' म्हणतात. योरुबा भाषेत सातासमुद्रापलीकडून परतलेल्या मुलाचे हे नाव असते. जी वस्तू लोक आपल्या लेकराच्या नावाने ओळखतात, तिच्यावाचून त्यांचे अडते हे उघड आहे. शाळामास्तर, परिचारिका, भाजीवाली, सगळे त्याच गाड्यांतून जातात. पण यातून निष्कर्ष निघतो तो इतकाच, की गाडी धड असली पाहिजे. जिथे गरज मोठी असते, तिथे विकणाऱ्याची जबाबदारी वाढते. ती कमी होत नाही. भुकेल्याला शिळे चालते, म्हणून आंबलेले वाढावे असे कोणत्याही अन्नछत्रात म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे रस्ता-अपघातांत मरणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत लाख लोकसंख्येमागे सुमारे २७, तर युरोपात सुमारे ९ होते. याला रस्ते, दवाखाने, वेग अशी अनेक कारणे आहेत. सगळा दोष गाड्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण झिजलेला ब्रेक आणि गुळगुळीत टायर हे त्या कारणांत नाहीत, असे कोणी शपथेवर सांगणार नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की घेणारा राजी आहे, देणारा राजी आहे, मग तिसऱ्याने कशाला बोलावे? राजीखुशी तेव्हा खरी, जेव्हा दोघांना सारखे माहीत असते. नासक्या नारळाचा रिवाज याच कारणाने पडला. आणि गाडीचा धूर तर तिसऱ्याच्याच छातीत जातो. रस्त्याकडेला शेंगा विकणाऱ्या बाईने कोणत्या करारावर सही केली होती?

तिसरा युक्तिवाद सर्वांत सोयीचा: त्यांच्या सरकारांनी लक्ष घालावे, विकणाऱ्याचा काय दोष? जिथे सरकारांनी लक्ष घातले, तिथे फरक पडला, हे खरे. केनियाने आठ वर्षांहून जुनी गाडी आत घ्यायची नाही असा दंडक ठेवला. मोरोक्कोने तर पाच वर्षांची मर्यादा घातली. त्यामुळे तिथे येणारा माल बरा असतो. दक्षिण आफ्रिका आपल्या बाजारात जुन्या गाड्या येऊच देत नाही. इथिओपियाने २०२४ साली पेट्रोल-डिझेलच्या खाजगी मोटारींची आयातच थांबवली. पश्चिम आफ्रिकेतील राष्ट्रसमूहाने २०२० साली धुराचे नवे मानक ठरवून ते जानेवारी २०२१ पासून लागू करण्याचा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी मात्र सर्वत्र सारखी झालेली नाही. का झाली नाही, हे सीमेवर राहणाऱ्या आपल्याइतके कोणाला कळणार?

बेनिन हा नायजेरियाच्या शेजारचा चिमुकला देश. त्याच्या कोटोनू बंदरात वर्षानुवर्षे उतरणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बहुतांश त्याच्या स्वतःसाठी नसतात. त्या सीमा ओलांडून नायजेरियात जातात. नायजेरियाने जानेवारी २०१७ पासून जमिनीच्या वाटेने गाड्या आणण्यास बंदी घातली, ऑगस्ट २०१९ मध्ये सीमाच बंद केली, डिसेंबर २०२० मध्ये ती पुन्हा उघडू लागली. गाड्या मात्र वाट काढत राहिल्या. सीमा आली की दोन दर आले, आणि दोन दर आले की रानातून पायवाट आली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याच्या मिठावर इंग्रजांनी पहारे बसवले, तेव्हा घाटातल्या किती वाटा रात्री जाग्या असतील, याची कल्पना या परिसरातल्या माणसाला करावी लागत नाही. आजही कर्नाटकाचा वाहनकर चढा म्हणून गोव्याच्या पाटीची गाडी घेणारे आपल्यांत आहेतच. पूर्व आफ्रिकेत मोटरसायकल-टॅक्सीला 'बोडा-बोडा' म्हणतात. युगांडा आणि केनिया यांच्या सीमेवर बुसिया येथे दोन चौक्यांमधले अंतर सायकलीवरून पार करून देणारे लोक 'बॉर्डर, बॉर्डर' अशी हाक देत. तिचा अपभ्रंश होऊन हा शब्द झाला. सीमेवरची माणसे सगळीकडे सारखीच असतात. तात्पर्य, एकट्या घेणाऱ्या देशाच्या सीमेवर हा प्रश्न सुटणारा नाही. गाडी शेकडो वाटांनी आत शिरते. पण बाहेर पडते ती मोजक्या बंदरांतून. पाणी अडवायचे तर बांध उगमाशी घालावा, हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळते.

अन् हा धोका आफ्रिकेच्या रस्त्यांपुरताही राहत नाही. मार्च २०१९ मध्ये हॅम्बुर्गहून मोरोक्कोतील कासाब्लांकाकडे निघालेले 'ग्रांदे अमेरिका' हे जहाज फ्रान्सच्या पश्चिमेस समुद्रात पेटले आणि बुडाले. त्यावर दोन हजारांहून अधिक वाहने आणि ३६५ कंटेनर होते. जहाजावरील सर्व २७ माणसे वाचली हे सुदैव. जहाज मात्र साडेचार हजार मीटर खोल तळाशी गेले आणि तेलाचा तवंग फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर पसरला. त्या वेळी तिकडच्या वृत्तपत्रांत केवढी खळबळ उडाली! गाड्या किनाऱ्यावर पोचून तिथे दहा वर्षे तेल गाळत राहिल्या असत्या, तर एक ओळही छापून आली नसती.

युरोपाला हे करता येत नाही असे नाही. भाग पाडले की करता येते. वाचकांना 'क्लेमांसो'चे प्रकरण आठवत असेल. फ्रान्सची ही निवृत्त विमानवाहू नौका डिसेंबर २००५ अखेरीस तुलाँहून गुजरातमधील अलंगच्या मोडबंदराकडे निघाली. तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस होते. आपल्याकडे गदारोळ झाला, सर्वोच्च न्यायालयात प्रश्न गेला, फ्रान्समध्येही लोक उठले, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांना ती माघारी बोलवावी लागली. पुढे ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे मोडली गेली. नासका नारळ करवंटीसकट परत गेला. त्या वेळी आपण सर्वांनी अभिमानाने म्हटले होते की भारत ही कोणाची उकिरड्याची जागा नाही. आपल्या दारात जे नको, ते मोम्बासाच्या, लागोसच्या, कोटोनूच्या दारात चालते, असे वीस वर्षांनी म्हणायचे असेल, तर तो अभिमान कशाचा होता, हे एकदा तपासून घ्यावे. आपल्या देशात जुनी मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या चक्राची असावी, अशा अटी आपण घातल्या आहेत. स्वतःसाठी तीन वर्षे, आणि दुसऱ्याला अठरा वर्षांची मिळाली की त्याचे भले झाले! हा हिशेब कोणत्या चोपडीत बसतो?

आता वळतो ते आपल्या अंगणाकडे. कारण युरोपाला नावे ठेवून हात धुणे सोपे आहे.

महाराष्ट्रातील कारखान्यांत बनलेल्या दुचाक्या आफ्रिकेच्या रस्त्यांवर आज सर्वत्र दिसतात. बजाजची 'बॉक्सर' नायजेरियापासून युगांडापर्यंत अनेक देशांत टॅक्सी म्हणून राबते. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने वाहनांचे भाग ओततात. आपल्यांतल्या कित्येकांची मुले तिथे, पुण्यास, चाकणला, वास्कोस नोकरीत आहेत. मी याला दोष देत नाही. उलट नवी, स्वस्त, दुरुस्त करता येणारी दुचाकी पाठवणे हा मोडकी मोटार पाठवण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक व्यापार आहे. पण नव्याची जुनी होते, आणि तिचेही आयुष्य संपते. त्या वेळी तिचे तेल, तिची बॅटरी, तिचे टायर कोणाच्या शेतात पडणार? भारतात १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. समुद्रापार पाठवलेल्या गाडीबाबतही उत्पादकाने तितकेच बांधील असावे, अशी मागणी आपण करणार आहोत का, की तिथे गप्प बसणार आहोत?

आणि समुद्रापर्यंत तरी कशाला जावे? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ साली त्याच न्यायालयाने त्यावरील कारवाईला आवर घातला. मधल्या वर्षांत त्या गाड्यांचे काय झाले? पुष्कळशा ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत गेल्या. दिल्लीच्या फुप्फुसाला जो धूर सोसत नाही, तो लहान गावांच्या फुप्फुसाला सोसतो, असाच याचा अर्थ झाला. कोटोनूला जायला जहाज लागते. खानापूर तालुक्यात यायला तेवढेही लागत नाही.

आमच्या शेजारच्या एका तरुणाने वडापसाठी शहरातून चौदा वर्षांची जीप आणली. रंग नवा, आसने नवी, पावतीवर एकच ओळ: आहे त्या स्थितीत विकली. तिसऱ्या महिन्यात जांबोटीकडच्या उतारावर तिचा ब्रेक गेला. शेताच्या बांधाला धडकून गाडी थांबली, म्हणून आतली नऊ माणसे वाचली. एका म्हातारीचा हात मात्र कायमचा अधू झाला. विकणाऱ्याने फोन उचलला नाही, आणि कायद्याने तो उचलायला बांधीलही नव्हता. ती म्हातारी आमच्याकडे ताक घेऊन येते. बैठकीत 'दोघांचे भले, मधल्याचेही भले' हे वाक्य ऐकले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तिचा हात आला. भले झालेल्या या तिघांत ती कुठेच नव्हती.

म्हणून माझे म्हणणे तीन कलमांत मांडतो. पहिले, कोणतीही जुनी गाडी बंदर सोडण्यापूर्वी ती रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला पाठवणाऱ्या देशाने द्यावा आणि त्या दाखल्याची जबाबदारी घ्यावी. जी गाडी त्यांच्या स्वतःच्या रस्त्यावर चालणार नाही, ती जहाजावर चढू नये. दुसरे, गाडी विकत घेताना तिच्या मोडतोडीसाठी जी रक्कम बाजूला काढली जाते, ती गाडीबरोबर प्रवास करावी. गाडी मरणार कोटोनूला आणि तिच्या अंत्यविधीचे पैसे राहणार स्टुटगार्टला, हा न्याय नव्हे. तिसरे, हाच नियम आपण आपल्यालाही लावावा: चाकणहून मोम्बासाला जाणाऱ्या नव्या दुचाकीला, आणि पुण्या-मुंबईहून खानापूरला येणाऱ्या जुन्या जीपलाही. 'आहे त्या स्थितीत' ही ओळ लिहून ब्रेकची जबाबदारी झटकता येऊ नये.

यामुळे जुन्या गाड्या महाग होतील, असा आक्षेप येईल. होतील. आज त्या स्वस्त आहेत, कारण किमतीचा उरलेला भाग कोणाच्या तरी छातीतून, हातापायांतून, विहिरीतून वसूल होतो आहे. तो गाडीच्या किमतीत दिसू लागला तर महागाई वाढली असे म्हणता येणार नाही. लपलेला हिशेब उघडा झाला, इतकेच म्हणता येईल. ज्याची वस्तू त्याचा हिशेब, हे तर पेढीवर बसणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात.

त्या ज्येष्ठ सभासदांविषयी मला आदर आहे, आणि तो तरुण सुखात राहो अशीच माझी इच्छा आहे. तो गावी येईल तेव्हा त्याला एवढेच विचारावे, की तू चढवलेल्या गाड्यांपैकी कोणत्या गाडीत तू आपल्या आईला बसवून चोर्ला घाट उतरशील? ज्या गाड्यांविषयी तो 'ही चालेल' म्हणेल, त्या खुशाल आफ्रिकेला जाव्यात. उरलेल्या जिथून निघाल्या तिथेच परत घेतल्या जाव्यात. नंदगडच्या पेठेत नारळाला हा नियम होता, आणि ती पेठ काही नासके नारळ परत घेतल्यामुळे बुडाली नाही.